दोघांत एकच वकील नको, मध्यस्थ चालेल

प्रश्न: आमचं लग्न २०१३ सालचं. मुलगी आठ वर्षांची. गेली सव्वादोन वर्षं मी मुलुंडला माहेरी आहे, हे बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि कर्ज अजून अकरा वर्षं फेडायचं आहे. घटस्फोट घ्यायचा यावर आता दोघांचंही एकमत आहे. पण पैसे, घर, मुलगी यांतला कुठलाही विषय निघाला की भांडण होतं. हे म्हणतात, दोघांचा मिळून एकच वकील करू, खर्च वाचेल. मामा म्हणतात, घरच्या घरी बैठक घेऊ. मैत्रीण म्हणते, तटस्थ मध्यस्थाकडे जा. मध्यस्थापुढे मी काही बोलून बसले तर ते कोर्टात माझ्यावरच उलटेल का? आणि मध्यस्थीला हो म्हटलं तर माझे हक्क कमी होतील का?

उत्तर:

ताई, आधी त्या एकाच वकिलाचं बोलू. माझ्याकडे नंतर निस्तरायला आलेली बरीचशी प्रकरणं तिथूनच आलेली असतात.

सगळं ठरलंय, कागदावर आलंय, आता फक्त अर्ज दाखल करायचा आहे, अशा वेळी एका वकिलाने दोघांचं काम पाहिलं तर त्यात गैर काही नाही. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात असे अर्ज नेहमी येतात. तुमचं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही. बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये तुमचा हिस्सा किती धरावा, याचा सल्ला एकच माणूस तुम्हालाही आणि त्यांनाही कसा देणार? ज्याच्या ओळखीतून वकील आला त्याच्याकडे पारडं झुकतंच. वकील वाईट असतो असं नाही. पहिली हकीगत ज्याच्या तोंडून ऐकली ती डोक्यात घर करून बसते.

मामांच्या बैठकीचंही सांगते. मामांचा हेतू चांगलाच असणार. पण घरच्या बैठकीला जमलेल्यांना संसार वाचवायचा असतो, निदान चारचौघांतली अब्रू तरी. तुम्ही दोघं तर मोडायचं ठरवून बसला आहात. मग बोलणं ‘पोरीच्या तोंडाकडे बघा’पासून सुरू होतं आणि लग्नातल्या मानपानावर येऊन अडकतं. अशा एका बैठकीत बारा वर्षांपूर्वीच्या साखरपुड्यातल्या अंगठीचं वजन निघालेलं मी स्वतः ऐकलं आहे. या बैठका बहुतेकदा स्टॅम्प पेपरवर संपतात. नोटरीचा शिक्का मारायचा, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि ‘सोडचिठ्ठी झाली’ म्हणून कागद कपाटात ठेवायचा. काही समाजांत रूढीने चालत आलेला काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. बाकीच्यांचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय मोडत नाही, स्टॅम्प पेपर कितीही किमतीचा असो. मामांना एक काम मात्र जरूर द्या, दागिन्यांची यादी करण्याचं. लग्नात काय घातलं, कोणी घातलं, पावती कोणाकडे आहे, हे मामा-मामींना तुमच्यापेक्षा नीट आठवत असतं.

आता मध्यस्थ, म्हणजे दोघांना बोलतं करून समझोत्यापर्यंत आणायला मदत करणारा तटस्थ माणूस. तो दोघांपैकी कोणाचाच सल्लागार नसतो, आणि लोकांची गफलत नेमकी इथे होते. ‘तटस्थ’ शब्द ऐकला की वाटतं, हा आपल्यावर अन्याय होऊ देणार नाही. तुम्हाला वीस लाख मिळायला हवे होते आणि तुम्ही कंटाळून पाचावर मान डोलावलीत, तर चांगला मध्यस्थ ‘नीट विचार केलाय ना? वकिलांना विचारलंय ना?’ एवढं विचारेल. ‘अहो, तुम्हाला जास्त मिळू शकतं’ असं तो म्हणणार नाही. म्हणाला तर समोरच्यासाठी तो तटस्थ उरला नाही. मी स्वतः वकीलही आहे आणि मध्यस्थीचंही काम करते. मध्यस्थाच्या खुर्चीत बसल्यावर जीभ चावून गप्प बसणं हेच मला सगळ्यात उशिरा जमलं.

म्हणून मध्यस्थ एक आणि वकील दोघांचे वेगवेगळे. तुमच्या वकिलाने प्रत्येक बैठकीला यावं असं नाही. पण बसण्याआधी एकदा तुमचे हक्क त्याच्याकडून समजून घ्या, आणि मसुदा सहीआधी त्याच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यांना उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या बाईला ही मदत मिळत नाही हा समज चुकीचा आहे.

तुमची मोठी भीती बोलण्याची आहे. मध्यस्थीत बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मध्यस्थ न्यायाधीशांना एवढंच कळवतो की समझोता झाला किंवा झाला नाही. कोण अडून बसलं, कोण किती रकमेला तयार होतं, यातलं काहीही अहवालात येता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात स्वच्छ सांगितलं आहे. २०२३ साली आलेल्या मध्यस्थी कायद्यातही गोपनीयतेचं कलम आहे, तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. मध्यस्थ दोघांशी वेगवेगळंही बोलतो. त्या बोलण्यात ‘हे त्यांना सांगू नका’ म्हणालात तर तो सांगत नाही. बोलणी फिसकटली तर पुढे त्याला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करता येत नाही, आणि तो कोणाचं वकीलपत्रही घेऊ शकत नाही.

पण हे संरक्षण त्या खोलीपुरतं. खाली उतरून रिक्षात बसल्यावर तुम्ही त्यांना ‘ठीक आहे, १५ लाखांवर तयार आहे’ असा मेसेज टाकलात तर तो मध्यस्थीत मोडत नाही. बैठकांच्या काळात व्हॉट्सॲपवर मुलीची शाळा आणि औषधपाणी यापलीकडे काही लिहू नका. खोलीत चोरून रेकॉर्डिंगही करू नका, त्यांनी केलेलं दिसलं तर तिथेच बोला. आणखी एक लक्षात असू द्या. मध्यस्थीत दाखवला म्हणून पगाराचा कागद गुप्त होत नाही. जो कागद कोर्ट एरवीही मागवू शकतं, तो नंतर मागवता येतोच.

हक्क कमी होतील का? मध्यस्थीला बसल्याने काहीच कमी होत नाही. समझोता नाही झाला तर उठून जायचं आणि कोर्टात आपली बाजू लढायची, दार उघडंच असतं. हक्क कमी होतात ते सही केल्यावर.

मध्यस्थाकडे जायचे दोन रस्ते आहेत. पहिला कोर्टातून जातो. अर्ज दाखल झाला की वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. समुपदेशक आधी संसार पुन्हा जुळतो का हे बघतात. नाहीच जुळत तर निदान भांडण आवरतं का, हे पाहतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ ने तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम १३ मुळे वकील हा तिथे आपोआप मिळणारा हक्क नाही, परवानगीने उभा राहतो. समुपदेशनानंतर न्यायाधीश मध्यस्थाकडे पाठवू शकतात. वैवाहिक वादात मध्यस्थीचा प्रयत्न करावा, असा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली के. श्रीनिवास राव प्रकरणात धरला होता. कोर्टाच्या यादीतल्या मध्यस्थाने ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि त्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागत नाहीत. दुसरा रस्ता म्हणजे अर्जाआधीच दोघांनी मिळून खासगी मध्यस्थ निवडायचा आणि फी निम्मी निम्मी वाटून घ्यायची. फी निम्मी असण्याला मी फार महत्त्व देते. एकाने सगळी भरली की दुसऱ्याच्या मनात पाल चुकचुकते.

तुमच्या बाबतीत मी दुसरा रस्ता सुचवेन. घटस्फोटावर एकमत आहे, भांडण फक्त तपशिलाचं आहे, आणि कोर्टाच्या तारखांच्या गर्दीत तपशील नीट होत नाहीत. मध्यस्थ निवडताना प्रशिक्षण कुठे झालं ते विचारा. दोघांपैकी कोणाशी किंवा कोणाच्या वकिलाशी आधीची ओळख, व्यवहार आहे का, हेही विचारा. ही माहिती स्वतःहून सांगणं त्याचं कामच आहे, न सांगणाऱ्याकडे जाऊ नका. आणि लवाद व मध्यस्थ यांत गल्लत करू नका. लवाद निकाल देतो, मध्यस्थ देत नाही. त्याच्यापुढे ‘कोण चुकलं’ हे ठरत नाही, आणि ‘मला न्याय हवाय’ म्हणत गेलात तर पहिल्या बैठकीनंतर हात हलवत परत याल. काही जणींना तो निवाडा मनापासून हवा असतो. त्यात चूक काही नाही, पण मग जागा कोर्टाची.

बसण्याआधीचा गृहपाठ बैठकीपेक्षा महत्त्वाचा आहे. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं सांगून त्याचा नमुनाच दिला. तो नमुना खासगी मध्यस्थीतही भरून आणायला लावा, दोघांनाही. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म १६, बँकांचे उतारे, डीमॅट, पीएफ, विमा, मुदत ठेवी. ‘माझा पगार तुला माहीतच आहे’ हे वाक्य मी गृहीत धरू देत नाही. आकड्यांवर विश्वास बसला की आवाज आपोआप खाली येतात. कागद द्यायलाच कोणी तयार नसेल, तर त्या नकारातूनच पुष्कळ कळतं, आणि अशा वेळी कोर्टाकडून कागद मागवणं बरं.

आता बोरिवलीच्या फ्लॅटकडे येऊ. मुंबईतल्या घटस्फोटात घर हाच खरा तिसरा पक्ष असतो. तुम्ही दोघं ठरवाल, ‘फ्लॅट हिचा, हप्ते ही भरेल, त्यांचा संबंध संपला.’ समझोत्यात तसं लिहिलंही जाईल. पण बँक तुमच्या समझोत्यात नसते. कर्जावर दोघांच्या सह्या आहेत तोवर बँकेच्या दृष्टीने दोघंही कर्जदार, मग हुकूमनाम्यात काहीही लिहिलेलं असो. तुमचा एक हप्ता चुकला तर त्यांचा सिबिल स्कोअर घसरतो, आणि त्यांना नवं घर घ्यायचं असेल तर हे जुनं कर्ज त्यांच्या डोक्यावर दिसतं. म्हणून मध्यस्थीला बसण्याआधीच बँकेत जा. तुमच्या एकटीच्या पगारावर उरलेलं कर्ज बँक तुमच्या नावे करून देईल का, लेखी विचारा. बँक नाही म्हणाली तर ‘फ्लॅट मला’ या मागणीवर चार बैठका घालवण्यात अर्थ नाही. फ्लॅट विकून कर्ज फेडायचं आणि उरलेलं वाटायचं, हा रस्ता मनाला कडू लागतो, पण पुष्कळदा तोच चालतो.

बँक हो म्हणाली, तर त्यांचा हिस्सा तुमच्या नावावर येण्यासाठी नोंदणीकृत दस्त करावा लागेल. नुसत्या समझोत्याने सोसायटी शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलत नाही. त्यात दिवसांचा हिशोबही आहे. महाराष्ट्रात राहतं घर पतीने पत्नीला मोबदला न घेता बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण ही सवलत नवरा-बायको या नात्याला आहे. हुकूमनामा झाला की ते नातं संपतं, आणि तोच दस्त परक्याचा धरून हिशोब होतो. मी एकदा एका जोडप्याला हुकूमनाम्यानंतर तीन महिन्यांनी दस्त करायला निघालेलं पाहिलं. शुल्काचा आकडा ऐकून दोघंही लग्न मोडल्यापेक्षा जास्त हळहळले. तुमच्या व्यवहारात मोबदला कशाला म्हणायचं हे तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या, आणि दस्ताची तारीख हुकूमनाम्याच्या आधीची ठेवा.

तुमचा फ्लॅट तयार आहे, हे तुमचं नशीब. परळ-गिरगावात पागडीची खोली रीडेव्हलपमेंटला गेलेली असते, म्हणजे भांडण अजून न बांधलेल्या घराचं. नवी जागा कोणाच्या नावे होणार, तोवर बिल्डरकडून येणारं भाडं कोणाच्या खात्यात जाणार, कॉर्पसचे, म्हणजे बिल्डर रहिवाशांना देतो त्या ठोक रकमेचे पैसे कोणाचे, इमारत रखडली तर काय, हे सगळं लिहावं लागतं.

पोटगीची रक्कम किती, याचं गणित मी इथे करत नाही, दोघांच्या कागदांशिवाय तो निव्वळ अंदाज ठरेल. पण ती कोणत्या रूपात घ्यायची, यावर माझं मत ठाम आहे. तुम्ही कमावत्या आहात, तर स्वतःसाठी एकरकमी घ्या आणि मुलीसाठी दरमहा. दर महिन्याच्या पैशांसाठी वर्षानुवर्षं त्याच माणसाच्या तोंडाकडे बघत राहणं म्हणजे लग्न चालू ठेवल्यासारखंच. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातच सांगितलं आहे की एकरकमी पोटगी ही भांडवली जमा आहे, तिच्यावर आयकर लागत नाही, दरमहा मिळणारी रक्कम मात्र उत्पन्नात धरली जाते. मुलीच्या खर्चात दरवर्षी किती टक्के वाढ, हे आत्ताच लिहून घ्या. शाळेची फी वेगळी ठेवा. दहावीनंतरचं शिक्षण, कॉलेज, हॉस्टेल यांचं प्रमाण ठरवा. आणि मुलीची पोटगी सोडून देते असं कुठेही लिहू नका. तो हक्क मुलीचा आहे, आईने सोडला म्हणून तो सुटत नाही. मेडिक्लेम हा विसरला जाणारा मुद्दा. तुम्ही त्यांच्या कंपनीच्या पॉलिसीत असाल तर हुकूमनाम्यानंतर तुमचं नाव निघेल, मुलीचं राहू शकतं. तुमची स्वतःची पॉलिसी त्याआधी सुरू करा, कारण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना वाट पाहावी लागते.

मुलीचं बोलू. मोठ्या रकमांवर पटापट मान्य होणारी माणसं इथे एका रविवारावरून उठून जातात. ‘वडिलांना वाजवी वेळी भेटू द्यावं’ हे वाक्य मसुद्यात दिसलं की मी खोडते. वाजवी म्हणजे काय, यावरच तर सगळं भांडण असतं. कोणता शनिवार, किती वाजता, मुलुंडहून कोण नेणार, बोरिवलीहून कोण आणणार, मेगाब्लॉकच्या रविवारी काय, हे लिहा. दिवाळीची सुट्टी निम्मी, मे महिना निम्मा, पहिला निम्मा कोणत्या वर्षी कोणाकडे, हेही लिहा. आणि गणपती! कोकणातल्या माणसाच्या घटस्फोटात गणपतीचा मुद्दा पोटगीच्या बरोबरीने असतो. एका प्रकरणात वडिलांच्या गावी सिंधुदुर्गात पाच दिवसांचा गणपती, आईच्या माहेरी चेंबूरला दीड दिवसाचा. तीन बैठका बाकी सगळं सुरळीत, आणि चौथी बैठक सगळी याच एका मुद्द्यावर गेली. शेवटी एक वर्ष गाव, एक वर्ष चेंबूर असं ठरलं. तरी मी एक ओळ वाढवली, की गावचं वर्ष असेल तर वडिलांनी तिकिटांचं आरक्षण उघडायच्या आधी आईला तारखा कळवायच्या. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. ती ओळ नसती तर दुसऱ्याच वर्षी ‘तू सांगितलंच नाहीस’ सुरू झालं असतं.

समझोते मोडतात ते बहुतेक अशाच न लिहिलेल्या ओळींवर. रक्कम सगळ्यांना पाठ असते.

मुलीच्या पासपोर्टचं लिहा, दोन्ही पालकांची संमती लागते. शाळा बदलायची तर कोणाला विचारायचं, आजारपणात कोण निर्णय घेणार, व्हिडिओ कॉल आठवड्यात कितीदा. आणि तिला बैठकीला आणू नका. न्यायाधीश किंवा समुपदेशक गरज वाटली तर तिच्याशी वेगळं बोलतील. मध्यस्थाच्या ऑफिसबाहेर बाकावर आठ वर्षांचं मूल बसवून ठेवण्यासारखं क्रूर दुसरं काही नाही, आणि तसं रोज दिसतं.

पोलीस तक्रारीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सल्ला दिला असेलच, ‘आधी ४९८अ टाक, मग बघ कसे वठणीवर येतात.’ ४९८अ हे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं जुन्या दंड संहितेतलं कलम. छळ खरोखर झाला असेल तर तक्रार जरूर करा, मध्यस्थीसाठी ती गिळू नका. दबावासाठी करू नका. हा गुन्हा (नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५) आपसात मिटवून परत घेता येत नाही. समझोता झाल्यावरही रद्द करायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तोवर दोघंही पोलीस ठाण्यात आणि कोर्टात खेटे घालत असतात. आधीच अशी तक्रार असेल तर समझोत्यात तारखेसह लिहावं लागतं, की अर्ज कोण करणार, तुम्ही प्रतिज्ञापत्र कधी देणार आणि पैशाचा कोणता टप्पा त्याच्याशी बांधलेला आहे.

मध्यस्थी कोणी टाळावी, तेही सांगून टाकते. घरात मारहाण असेल, त्यांच्यासमोर तुमचं तोंडच उघडत नसेल, किंवा ‘सही केली नाहीस तर मुलगी दिसणार नाही’ अशा धमक्या असतील, तर आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश घ्या. मग हवं तर मध्यस्थी, तीही वेगवेगळ्या खोल्यांत. भीती आणि तडजोड एका टेबलावर बसत नाहीत. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही. पण बायका पत्रात ते लिहीत नाहीत, हेही मला माहीत आहे.

कोर्टाचा वेळ. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असं धरते. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नांना परस्परसंमतीचे रस्ते वेगळे आहेत. १९५५ च्या कायद्यात १९७६ साली कलम १३ब आलं, त्याप्रमाणे किमान वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. वेगळं म्हणजे वेगळ्या छताखालीच असं नाही. लालबागच्या एका वन-बीएचकेत हॉलमध्ये एक, बेडरूममध्ये एक असं दोन वर्षं राहिलेलं जोडपं माझ्याकडे आलं होतं. घर सोडून जायचं कुठे, हा प्रश्न मुंबईत सगळ्यांनाच असतो आणि कायद्यालाही तो समजतो. नवरा-बायको म्हणून राहत नव्हते, एवढं पुरतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं, की आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं खरोखर मिटलं असेल, तर न्यायालय ते सहा महिने माफ करू शकतं. तुम्ही सव्वादोन वर्षं वेगळ्या आहात. मध्यस्थीत नीट लिहिलेला समझोता तुमच्या हातात असेल तर हा माफीचा अर्ज भक्कम होतो. खासगी मध्यस्थी मी सुचवते त्याचं हेही एक कारण.

हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती परत घेऊ शकतो, हे मात्र विसरू नका. म्हणून सगळे पैसे आधी घेऊ नका आणि सगळे शेवटी ठेवू नका. काही अर्ज दाखल करताना, उरलेले हुकूमनाम्याच्या दिवशी कोर्टात डिमांड ड्राफ्टने. लॉकर दोघांच्या नावे असेल तर तो उघडायचा दिवसही ठरवून लिहा, मामांच्या यादीसह, दोन साक्षीदारांसमोर. स्त्रीधन तुमचं आहे, ते पोटगीच्या रकमेत वळतं करू देऊ नका.

बैठका किती लागतील? तुमच्यासारख्या प्रकरणात दीड-दोन तासांच्या तीन ते पाच, माझ्या अनुभवात. शेवटच्या बैठकीत संध्याकाळचे सात वाजलेले असतात, सगळे दमलेले असतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘आता सही करून टाकू, विषय संपवू.’ त्या क्षणी पेन खाली ठेवा. मसुदा घरी न्या, दोन रात्री उशाशी ठेवा, वकिलाला दाखवा. मसुदा इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा, शब्द न् शब्द. कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे संमतीने ठरलेल्या अटींच्या कागदावर, सही केल्यावर ‘मला इंग्रजी कळलं नव्हतं’ म्हणून त्यातून सुटणं फार अवघड जातं. खासगी मध्यस्थीतला समझोता मग परस्परसंमतीच्या अर्जाला जोडून कोर्टापुढे ठेवायचा, म्हणजे तो हुकूमनाम्याचा भाग होतो आणि कोणी पाळला नाही तर अंमलबजावणीला जाता येतं. नुसता फायलीत पडून राहिला तर तोही स्टॅम्प पेपरच.

या आठवड्यात दोनच कामं करा. बोरिवलीच्या कर्जाचा ताजा उतारा काढा आणि तुमच्या पगारावर कर्ज मिळेल का याचं उत्तर बँकेकडून लेखी घ्या. आणि यजमानांना एक साधा मेसेज पाठवा: ‘एकच वकील नको, पण एकच मध्यस्थ चालेल, फी निम्मी निम्मी. नावं तुम्ही तीन सुचवा, त्यांतलं एक मी निवडते.’ नावं त्यांनी सुचवली म्हणून घाबरू नका, निवड तुमची आहे. आणि तिन्ही नकोशी वाटली तर तीन तुम्ही सुचवा.